घरी बनवलेल्या सर्किटचे जवळून फोटो : सोल्डरचे सांधे आणि रंगपट्ट्या वाचता येतील असे कसे काढावेत?

कृष्णाकाठ (सांगली) – प्रश्न

नमस्कार. तासगाव भागातील बेदाण्याच्या शेडसाठी तापमान व आर्द्रता दाखवणारी आणि ठरवून दिलेल्या आर्द्रतेवर पंखा चालू-बंद करणारी छोटी सर्किटे मी घरी तयार करतो. बोर्ड झीरो पीसीबीचा (सारख्या अंतरावर भोके असलेल्या तयार पाटीचा) असतो, आकार साधारण ७० बाय ५० मिलिमीटर. वरच्या बाजूला २८ पायांचा मायक्रोकंट्रोलर, चार अंकी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले, एक रिले (पंख्याची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच), ११ मिलिमीटर उंचीचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि पाव वॅटचे रेझिस्टन्स (ज्यांची किंमत अंगावरील रंगपट्ट्यांवरून वाचतात) आहेत. खालच्या बाजूला सोल्डरचे सांधे, जोडतारा आणि जागा वाचवण्यासाठी बसवलेले ०८०५ आकाराचे (सुमारे २ मिलिमीटर लांबीचे) काही चिप रेझिस्टन्स आहेत.

या सर्किटांचे फोटो मला दोन कामांसाठी हवे आहेत. पहिले काम असे की, गावातील एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाने केवळ फोटो पाहून तेच सर्किट पुन्हा जोडावे किंवा बिघडलेले दुरुस्त करावे. त्यासाठी प्रत्येक रेझिस्टन्सची ओहममधील किंमत, प्रत्येक आय.सी.चा क्रमांक आणि प्रत्येक तार कोणत्या भोकातून कोणत्या भोकात गेली आहे, हे फोटोत स्पष्ट दिसले पाहिजे. दुसरे काम अधिक नाजूक आहे. शेडमध्ये बेदाण्याला गंधकाची धुरी दिली जाते, हवेत ओलावाही असतो आणि हंगामानंतर सर्किटे परत आली की सांध्यांवर व उघड्या तांब्यावर काळपट डाग दिसतात. तेच सांधे दर हंगामाला त्याच पद्धतीने टिपून ठेवले तर झीज कुठे आणि किती होते आहे, हे कळेल आणि त्यानुसार लेप कोठे द्यायचा, हे ठरवता येईल.

माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा, १८-५५ किट लेन्स आणि एक साधा ट्रायपॉड आहे. सध्या सोल्डरचे सांधे पांढरेफटक येतात, कंडेन्सरचे माथे स्पष्ट आले की बोर्ड धूसर होतो, कडेचे उंच भाग तिरपे झुकलेले दिसतात आणि रेझिस्टन्सवरील लाल, नारिंगी व तपकिरी पट्ट्या एकमेकींत मिसळतात. मॅक्रो लेन्स विकत घेतल्याने यातील किती प्रश्न सुटतील? खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

तांब्याचा ट्रॅक (मिरज)

कृष्णाकाठ, आपण सांगितलेल्या अडचणींपैकी निम्म्याहून अधिक अडचणी लेन्सच्या नसून प्रकाशाच्या आहेत, म्हणून मी प्रकाशाबद्दलच लिहितो. लेन्सबद्दल इथे अधिक अधिकाराने लिहिणारे लोक आहेत.

सोल्डरचा सांधा हा एक छोटा वक्र आरसा आहे, हे एकदा मनात पक्के धरले की पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतात. आरशाला स्वतःचे रूप नसते. त्याच्या समोर जे असेल तेच त्याच्यात दिसते. आपण टेबललॅम्पचा किंवा कॅमेऱ्यावरील फ्लॅशचा प्रकाश टाकतो तेव्हा प्रत्येक सांध्यात त्या दिव्याचे एक लहान, अतिशय तेजस्वी प्रतिबिंब पडते आणि उरलेला सांधा खोलीतील अंधार दाखवतो. पांढरा ठिपका आणि त्याभोवती काळे, असे चित्र त्यामुळेच येते. एक्स्पोजर कमी करून हा दोष जात नाही. ठिपका थोडा आवरला तर बाकीचा सांधा आणखी काळा होतो. उपाय एकच आहे : सांध्याला त्याच्या भोवती सर्व बाजूंनी पांढरे आणि मंद उजळलेले काहीतरी दिसले पाहिजे.

यासाठी महागडा तंबू घेण्याची आवश्यकता नाही. श्रीखंडाचा किंवा आइस्क्रीमचा मोठा, पांढरा आणि किंचित अर्धपारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्यावा, त्याच्या तळाला लेन्सचे तोंड बसेल एवढे गोल भोक पाडावे आणि तो बोर्डावर उपडा ठेवावा. बाहेरून दोन एलईडी दिवे समोरासमोरच्या बाजूंनी लावले की डब्याची भिंतच प्रकाशाचा उगम बनते आणि सांध्यांवर ठिपक्याऐवजी मऊ चढ-उतार दिसू लागतो. डबा नसेल तर ट्रेसिंग पेपरचा नळा करून उभा ठेवला तरी चालतो. कागद दिव्याला चिकटवण्यापेक्षा बोर्डाच्या जवळ धरणे महत्त्वाचे आहे, कारण सांध्याच्या दृष्टीने उगम किती मोठा दिसतो, यावर सर्व काही अवलंबून असते. दिव्यावरच चिकटवलेला कागद उगमाचा आकार फारसा वाढवत नाही. लेन्सच्या तोंडावर बसणारा गोल रिंगलाइट मात्र या कामासाठी मी सुचवणार नाही. त्याचे प्रतिबिंब प्रत्येक सांध्यात बांगडीसारखे उमटते आणि शेकडो बांगड्यांनी भरलेला बोर्ड वाचणे कठीण होते.

पोलरायझरबद्दल, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा (ध्रुवीकृत) प्रकाश जाऊ देणाऱ्या फिल्टरबद्दल, अनेक गैरसमज आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. केवळ लेन्सवर पोलरायझर लावल्याने काचेवरील, पाण्यावरील किंवा आय.सी.च्या काळ्या प्लास्टिकवरील चकाकी ठराविक कोनात कमी होते, परंतु धातूवरची चकाकी जवळजवळ तशीच राहते, कारण साधा प्रकाश धातूवरून परतताना प्लास्टिकवरून परततो तसा ध्रुवीकृत होत नाही. धातूची चकाकी काढायची असेल तर दिव्यासमोरही पोलरायझरची फिल्म हवी आणि लेन्सवरील पोलरायझर तिच्याशी काटकोनात फिरवायला हवा. दिव्यातून आलेला ध्रुवीकृत प्रकाश धातूवरून परतताना आपली दिशा बऱ्याच अंशी टिकवून ठेवतो आणि लेन्सवरील पोलरायझर त्याला अडवतो. दिव्यासाठी लागणारी फिल्म टाकून दिलेल्या एलसीडी मॉनिटरच्या काचेवरून सावकाश सोलून काढता येते. इलेक्ट्रॉनिक्सचा छंद असणाऱ्याकडे असा एखादा फुटका पडदा बहुधा पडलेलाच असतो. ही फिल्म उष्णतेने खराब होते, त्यामुळे हॅलोजनऐवजी एलईडी दिवाच वापरावा. या मांडणीत किमान दोन स्टॉप प्रकाश खर्ची पडतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), परंतु ट्रायपॉडवरील स्थिर बोर्डासाठी त्याचे काही वाटून घेण्याचे कारण नाही. ट्रेसिंग पेपर मात्र फिल्मच्या आत, म्हणजे दिव्याच्या बाजूला असावा. फिल्मनंतर कागद आला तर कागद प्रकाशाचे ध्रुवीकरण बिघडवतो आणि सगळी खटपट वाया जाते. उपड्या डब्याचीही अडचण तीच, म्हणून ही मांडणी करताना डबा बाजूला ठेवावा.

पठारावरची वाट (साताऱ्याहून)

मी मूळचा फुलांचे फोटो काढणारा. पावसाळ्याच्या अखेरीस कास पठारावर दवबिंदू, सीतेची आसवे अशा इवल्या वनस्पती टिपताना जे शिकलो, त्यातील बरेचसे सर्किटला लागू पडते, परंतु एका बाबतीत दोन्हींचा स्वभाव अगदी उलट आहे. फुलाच्या मागचे सारे धूसर व्हावे, अशी आपली इच्छा असते. सर्किटमध्ये मात्र धूसर झालेला प्रत्येक भाग म्हणजे हरवलेली माहिती. त्यामुळे इथे सौंदर्याच्या सवयी बाजूला ठेवून थोडे गणित करावे लागते.

आपल्या सेन्सरची रुंदी २२ ते २३.५ मिलिमीटर आहे. ७० मिलिमीटरचा बोर्ड त्यात बसवायचा म्हणजे सेन्सरवरील प्रतिमा मूळ वस्तूच्या साधारण ०.३२ पट हवी. बहुतेक १८-५५ किट लेन्स ५५ वर आणि सर्वांत जवळच्या फोकसवर ०.३ ते ०.३८ पट प्रतिमा देतात. याचा अर्थ, संपूर्ण बोर्डाच्या फोटोसाठी आपली आहे ती लेन्स पुरेशी आहे. या वर्धनाला २ मिलिमीटर लांबीचा ०८०५ रेझिस्टन्स सुमारे १७० पिक्सेल व्यापतो आणि पाव वॅटचा ६ मिलिमीटर लांबीचा रेझिस्टन्स ५०० पिक्सेलच्या आसपास. त्यावरील पट्ट्या वाचण्यास हे भरपूर झाले. मॅक्रो लेन्स उत्तम वस्तू आहे, परंतु या पहिल्या कामासाठी ती घेण्याचे कारण मला दिसत नाही.

आता खोलीचा प्रश्न. एपीएस-सी सेन्सरवर ०.३२ वर्धन आणि एफ/८ (ॲपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तेवढे छिद्र लहान) असताना स्पष्ट दिसणारा थर सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा असतो. एफ/१६ केल्यास तो ८ मिलिमीटरपर्यंत जातो. आपले कंडेन्सर ११ मिलिमीटरचे आहेत, म्हणून माथा आणि बोर्ड एकाच वेळी पूर्ण स्पष्ट येणार नाहीत, हे गणितातच लिहिलेले आहे. कंडेन्सरची माहिती त्याच्या अंगावर छापलेली असते, माथ्यावर सहसा काही वाचायचे नसते. त्यामुळे फोकस बोर्डाच्या पृष्ठभागापासून दोन-तीन मिलिमीटर वर धरून एफ/११ किंवा एफ/१३ ठेवावे आणि माथा थोडा मऊ झाला तर होऊ द्यावा, असे माझे मत आहे.

ॲपर्चर आणखी बंद करून सर्व काही स्पष्ट करू, हा मोह सांध्याच्या जवळच्या फोटोत फसवतो. वर्धन वाढत जाते तसे लेन्सचे ॲपर्चर प्रत्यक्षात अधिक बंद असल्यासारखे वागते. लिहिलेल्या आकड्याला वर्धन अधिक एक याने गुणावे : १ पट वर्धनाला एफ/८ म्हणजे एफ/१६ आणि एफ/१६ म्हणजे एफ/३२. एफ/३२ ला प्रकाशाच्या विवर्तनामुळे (लहान छिद्रातून जाताना पसरण्यामुळे) प्रत्येक बिंदू सेन्सरवर ०.०४ मिलिमीटरच्या आसपास पसरतो आणि आपले पिक्सेल त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही लहान आहेत. सांध्यावरची केसासारखी भेग या पसरण्यात बुडून जाते. १ पट वर्धनाला एफ/८ वर खोली अवघी ०.६ मिलिमीटर मिळते, म्हणून तेथे वेगवेगळ्या फोकसवर काढलेले फोटो एकत्र जोडणे, म्हणजे फोकस स्टॅकिंग, हाच सरळ मार्ग आहे.

स्टॅकिंगसाठी रेल विकत घेण्याऐवजी बोर्ड एका लहान फळीवर ठेवून ती फळी एम६ च्या बोल्टवर उचलता येईल अशी मांडणी करावी. एम६ च्या साध्या आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असते. पाऊण फेरा म्हणजे ०.७५ आणि अर्धा फेरा म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक फोटो घेतला तर सलग थर एकमेकांवर थोडे चढतात आणि दोन-अडीच मिलिमीटर उंचीचा सांधा पाच-सहा फोटोंत पूर्ण होतो. हे फोटो जोडण्यासाठी हगिन या फोटो जोडण्याच्या सॉफ्टवेअरसोबत मिळणारी अलाइन इमेज स्टॅक आणि एनफ्यूज ही साधने मोफत आहेत आणि चांगले काम करतात. जवळच्या फोटोंसाठी ५० मिलिमीटरच्या एखाद्या लेन्सखाली ३६ मिलिमीटरची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणारा पोकळ नळा) लावावी. ट्यूबची लांबी भागिले फोकल लेंग्थ एवढे, म्हणजे ०.७२ वर्धन वाढते आणि लेन्सचे स्वतःचे धरून ०.९ च्या आसपास पोहोचते. लेन्स उलटी लावण्याची रिंग आणखी स्वस्त आहे, परंतु उलट्या लेन्सपासून वस्तूपर्यंत जेमतेम साडेचार सेंटिमीटर जागा उरते आणि मिरजकरांनी सांगितलेला प्रकाश आत शिरायला वाव राहत नाही. सर्किटच्या कामासाठी मी ट्यूबच पसंत करीन.

कडेचे भाग झुकलेले दिसतात, याचे कारण अंतर आहे. लेन्स बोर्डापासून १२ सेंटिमीटरवर असेल तर मध्यापासून ३ सेंटिमीटर दूर असलेल्या ११ मिलिमीटर उंच कंडेन्सरचा माथा बाहेरच्या बाजूला सुमारे ३ मिलिमीटर सरकलेला दिसतो. झीरो पीसीबीच्या दोन भोकांमधील अंतर २.५४ मिलिमीटर असते, म्हणजे एक पूर्ण रांग झाकली जाते. तोच फोटो ४० सेंटिमीटरवरून घेतला तर सरकणे १ मिलिमीटरच्या आत येते. म्हणून कोणाकडून जुनी ७०-३०० सारखी लांब लेन्स मिळाली तर लांब उभे राहून काढावा. ती नसेल तर ५५ वरच थोडे मागे जाऊन फोटो काढावा आणि कडा कापाव्यात. काही पिक्सेल गमावले तरी झाकलेली रांग परत मिळते.

कॅमेरा बोर्डाला समांतर आहे की नाही, हे डोळ्यांनी ठरवू नये. बोर्डाच्या जागी एक लहान सपाट आरसा ठेवावा आणि पडद्यावर पाहावे. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या नेमके मध्यभागी आले की कॅमेरा काटकोनात आहे. दर हंगामाला तुलना करायची असल्याने ही तपासणी आपल्यासाठी विशेष महत्त्वाची आहे.

जुना बेंच (सांगली)

दुरुस्तीच्या धंद्यात उभा जन्म गेला, त्या अनुभवावरून मिरजकरांच्या सल्ल्याला एक पुरवणी जोडतो, आणि ती थोडी विरोधाची आहे. चकाकी पूर्णपणे काढून टाकू नका. आम्ही सांधा वाचतो तो त्याच्या चकाकीवरूनच.

चांगल्या सांध्यात सोल्डर पायावरून आणि पॅडवरून (भोकाभोवतीच्या तांब्याच्या चकतीवरून) पसरत जाते, त्याची बाजू आत वळलेली असते आणि त्यावर प्रकाशाची रेघ सलग, न तुटता वाहते. ड्राय सोल्डरमध्ये, म्हणजे नीट न धरलेल्या सांध्यात, गोळा फुगलेला असतो, पृष्ठभाग दाणेदार व मंद असतो किंवा पायाच्या भोवती बारीक वर्तुळाकार भेग असते. दोन्ही बाजूंच्या पोलरायझरने चकाकी मारली की चांगला आणि वाईट असे दोन्ही सांधे सारखेच गडद राखाडी दिसतात आणि नेमका जो फरक दाखवायचा तो पुसला जातो. पोलरायझर आय.सी.चे क्रमांक, रेझिस्टन्सच्या पट्ट्या आणि तांब्यावरील डागांचा रंग दाखवण्यासाठी अवश्य वापरावा. सांध्याचा आकार दाखवायचा असेल तेव्हा डब्यातील मऊ प्रकाश ठेवून एका बाजूचा दिवा बंद करावा. एका बाजूने येणाऱ्या प्रकाशात भेगेची एक कड उजळते आणि दुसरी काळी पडते. त्याच सांध्याचा दुसरा फोटो विरुद्ध बाजूचा दिवा लावून घ्यावा. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की भेग आणि ओरखडा यांतील फरक नवख्यालाही समजतो.

आपण कोणते सोल्डर वापरता, हेही फोटोसोबत लिहून ठेवावे. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सियसला एकदम वितळते आणि एकदम घट्ट होते, त्यामुळे त्याचा चांगला सांधा लखलखीत असतो. शिसे नसलेल्या, कथील, चांदी व तांबे यांच्या सोल्डरचा सांधा निर्दोष असूनही मंद दिसू शकतो. ही नोंद नसेल तर पुढे फोटो पाहणारा माणूस चांगले सांधे वाईट समजून पुन्हा तापवत बसेल आणि पॅड उखडेल.

स्वच्छतेबाबत आणखी एक. नव्या बोर्डाचा फोटो काढण्यापूर्वी फ्लक्सचा (सोल्डर नीट पसरावे म्हणून वापरलेल्या द्रव्याचा) चिकट थर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने काढून टाकावा. तो थर प्रकाशात पिवळट चमकतो आणि दोन पॅडच्या मधला भाग झाकतो. शेडमधून परत आलेल्या बोर्डाचा फोटो मात्र आधी आहे त्या स्थितीत काढावा आणि नंतरच तो स्वच्छ करावा. अल्कोहोल आणि ब्रश फिरला की सैल झालेला काळपट थर निघून जातो आणि आपण जो पुरावा शोधत होता तोच नाहीसा होतो. स्वच्छ केल्यावर पुन्हा एक फोटो घ्यावा. ब्रशने जे गेले नाही ते तांब्यात खोल गेले आहे, असे समजायला हरकत नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. चकाकी आणि पोलरायझर यांबाबत दोन्ही बाजू समजल्या. डाग आणि पट्ट्या यांसाठी पोलरायझर, सांध्यांसाठी एका बाजूचा प्रकाश, अशी विभागणी मी करीन. आरशाने समांतरता तपासण्याची पद्धत मला अत्यंत उपयुक्त वाटली.

दोन गोष्टी अद्याप उरल्या आहेत. पहिली रंगांची : २२० ओहमचा लाल-लाल-तपकिरी आणि ३३० ओहमचा नारिंगी-नारिंगी-तपकिरी हे दोन्ही रेझिस्टन्स या बोर्डावर शेजारी आहेत आणि फोटोत ते एकसारखे दिसतात. दुसरी डिस्प्लेची : चारही अंक डोळ्यांना व्यवस्थित दिसत असताना फोटोत कधी एकच अंक उमटतो, कधी दोन, आणि लाल सेगमेंट पिवळसर पांढरे येतात. चालू सर्किटचा फोटो मला माहितीपुस्तिकेत पहिल्या पानावर द्यायचा आहे.

प्रीतिसंगम (कराड)

डिस्प्लेपासून सुरुवात करतो, कारण त्याचे कारण आपल्याच प्रोग्रॅममध्ये आहे. मल्टिप्लेक्स केलेल्या, म्हणजे अंक पाळीपाळीने पेटवणाऱ्या डिस्प्लेमध्ये एका क्षणी एकच अंक पेटलेला असतो. समजा, प्रत्येक अंक २ मिलिसेकंद पेटतो. चार अंकांचा फेरा ८ मिलिसेकंदांचा झाला, म्हणजे सेकंदाला १२५ फेरे. डोळ्याला ते अखंड वाटते, परंतु १/५०० सेकंदाच्या शटरला केवळ एका अंकाएवढाच वेळ मिळतो. शटर १/१५ किंवा त्याहून हळू ठेवल्यास आठ फेरे पूर्ण होतात आणि चारही अंक सारख्या तेजाने येतात. खोलीत आपल्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर चालणारे हलक्या दर्जाचे एलईडी दिवे असतील तर ते सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. हळू शटरमुळे त्यांच्या आडव्या पट्ट्याही नाहीशा होतात. कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर या कामासाठी ते बंद ठेवावे.

सेगमेंट पिवळे-पांढरे येतात, कारण बोर्ड उजळ दिसेल एवढ्या एक्स्पोजरमध्ये सेन्सरचा लाल भाग तुडुंब भरतो आणि मग हिरव्यातही तेज सांडते. डिस्प्ले आणि बोर्ड यांना एकाच एक्स्पोजरमध्ये न्याय देण्याचा हट्ट सोडावा. कॅमेरा न हलवता एक फोटो डिस्प्ले बंद ठेवून, दिव्यांच्या प्रकाशात घ्यावा आणि दुसरा खोली अंधारी करून, केवळ डिस्प्लेच्या उजेडात, सेगमेंट शुद्ध लाल दिसतील एवढ्याच एक्स्पोजरचा घ्यावा. जीआयएमपी या फोटो संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दुसरा फोटो पहिल्यावर स्क्रीन पद्धतीने ठेवला की डोळ्यांना प्रत्यक्ष दिसते त्याच्या अगदी जवळचे चित्र तयार होते. पुस्तिकेच्या पानावर हे दोन फोटो एकत्र केले आहेत, अशी एक ओळ लिहिणे मला योग्य वाटते.

आता रंग. लाल आणि नारिंगी यांतला फरक दाखवण्यासाठी प्रकाशात सर्व रंग असावे लागतात. स्वस्त एलईडीच्या प्रकाशात गडद लाल भाग फारच कमी असतो, त्यामुळे लाल आणि तपकिरी पट्ट्या मंद पडून एकमेकींजवळ येतात. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा अधिक लिहिलेला दिवा घ्यावा, किंवा उत्तरेच्या खिडकीतला दिवसाचा उजेड वापरावा; या दोहोंचे मिश्रण मात्र कधीही करू नये, कारण मग बोर्डाच्या एका बाजूचा पांढरा आणि दुसऱ्या बाजूचा पांढरा वेगळा होतो आणि तो दोष नंतर दुरुस्त होत नाही. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नये. हिरवट किंवा तपकिरी बोर्डाने भरलेली चौकट पाहून कॅमेरा त्या रंगाचा विरोधी रंग चढवतो. छायाचित्रणाचे करडे कार्ड बोर्डाच्या जागी ठेवून एक फोटो घ्यावा, रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलवर) काम करावे आणि त्या कार्डावरूनच सर्व फोटोंचा रंग ठरवावा. साध्या पांढऱ्या कागदात शुभ्रपणा वाढवणारी द्रव्ये असतात व ती खिडकीच्या उजेडात निळसर झाक देतात, म्हणून कागदापेक्षा कार्ड बरे. एवढे करूनही निळ्या अंगाच्या, पाच पट्ट्यांच्या एक टक्का रेझिस्टन्सवरील तपकिरी पट्टी फसवू शकते. तिथे फोटोशेजारी किंमत लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग आहे. फोटोने सर्व काही एकट्यानेच सांगावे, असा आग्रह धरू नये.

आय.सी.वरील लेझरने कोरलेला क्रमांक मऊ प्रकाशात हरवतो. त्यासाठी एक लहान टॉर्च जवळजवळ आडवी, बोर्डाच्या पातळीला धरून प्रकाश टाकावा. तरीही वाचता आला नाही तर खडू हलकेच घासावा आणि बोटाने पुसावा. कोरलेल्या खाचेत खडू राहतो आणि अक्षरे उठून दिसतात.

आपल्या खालच्या बाजूच्या फोटोसाठी एक वेगळी सूचना करतो. पाय बारीक कापलेले असतील आणि घरी किंवा ओळखीच्या झेरॉक्स दुकानात जुना, जाड, सीसीडी पद्धतीचा (आत लेन्स असलेला) फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर बोर्ड सरळ त्याच्यावर ठेवून स्कॅन करावा. ६०० डीपीआयला दोन भोकांमधील अंतर बरोबर ६० पिक्सेल येते आणि १२०० ला १२०. चित्रावरून थेट मोजमाप घेता येते आणि समांतरतेची काळजीच उरत नाही. अलीकडचे पातळ स्कॅनर सीआयएस पद्धतीचे असतात. त्यांना काचेपासून जेमतेम उचललेला भागही स्पष्ट दिसत नाही, म्हणून ते येथे उपयोगी नाहीत. काचेवर ओरखडे पडू नयेत, यासाठी पारदर्शक ओएचपी शीट खाली घालावी.

पठारावरची वाट (साताऱ्याहून)

दर हंगामाच्या तुलनेबद्दल एक गोष्ट राहिली होती. ट्रायपॉड दरवेळी त्याच उंचीवर आणि त्याच कोनात उभा करणे फार जिकिरीचे असते. साताऱ्यात आणि सांगलीतही जुन्या फोटो स्टुडिओंमध्ये कृष्णधवल छपाईचे एन्लार्जर अडगळीत पडलेले आढळतात. त्याचा दिव्याचा भाग काढून खांबावर कॅमेरा बसवला तर अतिशय भक्कम, वर-खाली सरकणारा आणि बहुधा उंचीच्या खुणा असलेला स्टँड मिळतो. खाली सपाट पाट असतोच. त्यावर बोर्डाच्या दोन बाजूंना टेकतील अशा पट्ट्या कायमच्या ठोकून ठेवल्या की बोर्ड प्रत्येक वेळी त्याच जागी बसतो. एन्लार्जरसोबत ५० मिलिमीटरची लेन्स मिळाली तर तीही जपून ठेवावी. सपाट निगेटिव्ह कडेपर्यंत स्पष्ट छापण्यासाठी ती बनवलेली असते, त्यामुळे एम३९ आट्यांच्या ॲडॅप्टरने ट्यूबवर बसवल्यास ती सर्किटसाठी फार चांगले काम देते. ॲपर्चर तिच्या अंगावरच फिरवता येते.

उंची, ॲपर्चर, शटर, आयएसओ आणि दिव्यांचे अंतर वहीत लिहून ठेवावे. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात करड्या कार्डाचा तुकडा आणि मिलिमीटरची पट्टी असू द्यावी. दोन हंगामांच्या फोटोंत करडा रंग एकसारखा आला असेल तरच तांब्याचा डाग गडद झाला, असे म्हणता येईल.

जुना बेंच (सांगली)

पहिल्या पानावरच्या चालू सर्किटच्या फोटोबद्दल. आपल्या बोर्डावर रिले आहे, म्हणजे त्याच्या एका बाजूला पंख्याचे २३० व्होल्ट येतात. फोटो काढताना ती बाजू पूर्णपणे सुटी करावी आणि बोर्डाला ५ व्होल्टचा वेगळा, आयसोलेटेड (घरच्या विजेशी थेट जोड नसलेला) पुरवठा द्यावा. डिस्प्ले आणि रिलेची क्लिक यांसाठी तेवढे पुरते. लेन्स आणि ट्यूब धातूच्या असतात, डबा सरकवताना हात बोर्डाच्या अगदी जवळ जातो आणि नजर पडद्यावर असते, म्हणून हे विशेष सांगावेसे वाटते. बोर्डावरच मेन्सवर (घरच्या २३० व्होल्टवर) चालणारा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचे सर्किट, बसवला असेल तर त्यातील मोठ्या कंडेन्सरवर सुमारे ३२५ व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात. मीटरने व्होल्टेज मोजावे, उरले असेल तर जास्त वॅटच्या रेझिस्टन्समधून ते उतरवावे, पुन्हा मोजावे आणि मगच बोर्ड स्टँडवर ठेवावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडू नये. त्याने कंडेन्सर तर दुखावतोच, आणि ज्या ट्रॅकचा फोटो आपल्याला हवा आहे तो ट्रॅकही जळू शकतो.